आत्याचा विसरलेला स्टेंट
आत्याच्या पित्तनलिकेत अडकलेला खडा चार वर्षांपूर्वी दुर्बिणीने काढला, तेव्हा तेथे प्लास्टिकचा स्टेंट बसवला होता. तो तीन महिन्यांनी काढून घ्यावा, असे डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलेले होते. पुढे पित्ताशयही काढले, दुखणे थांबले आणि ते कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत पडून राहिले. यंदा थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तेव्हाच ते बाहेर निघाले.

हा स्टेंट म्हणजे १० फ्रेंच मापाची, जेमतेम ३.३ मिलिमीटर जाडीची नळी. तिच्यात जंतूंचा थर धरतो, त्यावर पित्ताचा गाळ बसतो आणि काही महिन्यांत ती तुंबते. एरवी तिचे खालचे टोक लहान आतड्यात डोकावत असते, त्यामुळे दुर्बिणीतून तारेचा फास टाकून ती काही मिनिटांत ओढून काढता येते. आत्याची नळी मात्र वर सरकून पित्तनलिकेत पूर्ण गडप झाली होती आणि तिच्या वरच्या टोकाभोवती खडा धरला होता.

पोट न उघडता ईआरसीपीनेच, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून क्ष-किरणांच्या मदतीने पित्तनलिकेत पोहोचण्याच्या पद्धतीने, प्रयत्न करू, असे डॉक्टरांनी ठरवले. पित्तनलिकेचे तोंड रुंद करून त्यांनी स्टेंटशेजारी फुगा फुगवला आणि खाली ओढला. स्टेंट हलला नाही. मग दातेरी चिमट्याने धरून ओढला, तर जुनाट प्लास्टिक तुटून बोटाच्या पेराएवढा तुकडाच हाती आला. उरलेल्या नळीच्या तुंबलेल्या पोकळीतून बारीक तार वर नेण्यातच बराच वेळ गेला. त्या तारेवरून सोहेंद्रा रिट्रीव्हर आत सरकवला. त्याच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात. ते नळीत फिरवून घट्ट बसवले आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत नळी बाहेर ओढली. ज्यांच्या नावाने हे साधन ओळखले जाते, त्याच नीब सोहेंद्रा यांनी हॅम्बुर्गमध्ये १९७९ च्या सुमारास असे प्लास्टिकचे स्टेंट दुर्बिणीतून बसवायला सुरुवात केली, हे मला नंतर वाचताना कळले.

धातूचा जाळीदार स्टेंट असता, तर काम आणखी अवघड झाले असते, असे डॉक्टर म्हणाले. जाळीच्या छिद्रांतून पेशी आत वाढून तो भिंतीत रुततो. तेव्हा त्याच्या आत आवरण असलेला दुसरा स्टेंट बसवून, दाबाने त्या पेशी झडेपर्यंत थोडे आठवडे थांबावे लागते आणि मग दोन्ही एकत्र काढता येतात.

बाहेर आलेली नळी बाटलीत घालून त्यांनी आम्हाला दाखवली: काळपट, ठिसूळ, वरच्या टोकाला विटकरी गाळाचा लपेटा. खड्याचे उरलेले तुकडे पुढच्या वेळी काढायचे असल्याने आत्याला तात्पुरता नवा स्टेंट बसवला आहे. त्याची तारीख यावेळी तिने कार्डावर न ठेवता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने स्वतः लिहिली आहे.