भावाचा आजार आणि आमच्या घरातलं बोलणं

धाकटा भाऊ फोंड्याला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. जूनच्या पावसात त्यानं खोलीची खिडकी लावली, ती पुन्हा उघडेचना. मग फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले आईला दिसले. शेजारच्या काकींचा मिक्सर सुरू झाला की म्हणायचा, "ताई, ऐक, माझं नाव घेतात."

बाबांना तो आळस वाटायचा, आईला नजर. दृष्ट काढली, देवळात कौल लावला. एका दवाखान्यात अभ्यासाचा ताण म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. तीन महिने असे गेले. सायकोसिसवर, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं अशा आजारावर, उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं माणसाला सावरणं सोपं जातं, हे नंतर कळलं, आणि त्या तीन महिन्यांची चुटपुट मला अजून आहे.

चवथीला बाबा गणपतीच्या डोक्यावरची माटोळी, म्हणजे फळं-पानं टांगायची चौकट, बांधत होते. टांगलेल्या नारळाकडे बघून तो थरथरायला लागला. त्यात कॅमेरा आहे म्हणाला. मी त्याचा हात धरला, तर तळवा बर्फासारखा गार. विसर्जन झाल्यावर आम्ही त्याला बांबोळीला आयपीएचबी या मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात नेलं.

रिस्पेरिडोन या औषधानं काही आठवड्यांत आवाज मागे पडले. पण दिवसभर गुंगी, भूक अनावर. बाबा पुन्हा सुरू झाले: "किती झोपतोस?" आई ताट खोलीत नेऊन घास भरवायची. तेव्हा डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

आईनं बसताक्षणीच विचारलं, "आमचं काही चुकलं का?" बाई म्हणाल्या, घरच्यांमुळे हा आजार होत नाही. मग त्यांनी 1950 च्या दशकातलं लंडनचं एक निरीक्षण सांगितलं. जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं होतं, की इस्पितळातून आईवडिलांकडे किंवा जोडीदाराकडे परतलेल्या रुग्णांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेले बरे टिकतात. पुढच्या अभ्यासांत कारण उलगडत गेलं: सततची टोचणी, राग आणि जीव टाकून केलेली अति काळजीसुद्धा. बाबा खाली बघत राहिले. आईला मात्र हे फार लागलं. काळजीही जड होते, हे तिला पटायला कितीतरी बैठका लागल्या.

आम्हाला तिथे चक्क बोलायला शिकवलं. बाबांनी "तू नेहमी असाच" म्हणायचं नाही, एकच नेमकी गोष्ट सांगायची: "अंघोळ करून दहाला खाली ये." आवाजांवरून वाद घालायचा नाही, हो ला हो पण करायचं नाही. मी म्हणायचे, "मला तो ऐकू येत नाही रे, पण तू घाबरलायस हे दिसतंय." पहिल्यांदा अगदी पाठ केल्यासारखं वाटलं. त्यानं मात्र मान वर करून बघितलं.

चौथ्या बैठकीत तो स्वतः बोलला. "बाबा, तुम्ही ओरडलात की तो आवाज तुमचाच होतो." बाबा उठून बाहेर गेले. दहा मिनिटांनी परत आले आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.

पुन्हा त्रास सुरू होण्याच्या खुणा त्यानं स्वतः लिहून दिल्यात: झोप तुटणं, जेवण टाळणं, खिडकी. कागद फ्रिजवर लावलाय. गोळ्या चालू आहेत, परीक्षा अजून राहिलीय. काल काकींचा मिक्सर लागला तेव्हा तो ओट्याशी उभा राहून नारळ खवत होता. क्षणभर थांबला. आईनं काही विचारलं नाही. त्यानं पुन्हा खवायला घेतलं.