किडनी रॅकेटमध्ये एजंट पकडला जातो, रुग्णालय चालवणाऱ्या कंपनीचं काय?

किडनी रॅकेटच्या बातमीत आधी एजंट सापडतो, मग ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर, म्हणजे रुग्णालयात प्रत्यारोपणाचं काम जुळवून आणणारा कर्मचारी. रुग्णालय चालवणारी कंपनी ‘आमचीही फसवणूक झाली’ असं निवेदन काढते आणि चर्चा तिथेच थांबते. कायदा मात्र कंपनीला इतक्या सहज सोडत नाही.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा 1994 मध्ये झाला तो सुरुवातीला गोवा, महाराष्ट्र, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी. इतर बहुतेक राज्यांनी तो मागाहून स्वीकारला. कलम 19 प्रमाणे अवयवाच्या खरेदी-विक्रीला 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड आहे. कलम 21 सांगतं की गुन्हा कंपनीने केला असेल तर कंपनी आणि त्या वेळी तिचा कारभार ज्याच्या हाती होता तो, दोघेही दोषी धरायचे. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे त्या माणसाने सिद्ध करायचं. संचालक, व्यवस्थापक किंवा सचिवाच्या संमतीने, संगनमताने किंवा नुसत्या हयगयीने गुन्हा घडला असेल तरी तो अडकतो. हयगय हा शब्द कायद्यातच आहे आणि सगळं त्याच्यावर फिरतं.

रॅकेटवाले दात्याला ‘बायको’ बनवून का आणतात? दाता परका असेल तर प्रकरण अशा प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जातं. ती दोघांची मागच्या 3 आर्थिक वर्षांची मिळकत बघते, जुने एकत्र फोटो मागते, दात्याच्या घरच्यांना बोलावून विचारते. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं ही जवळची नाती. तिथे 2014 च्या नियमांप्रमाणे मंजुरी देतो तो ‘सक्षम अधिकारी’, म्हणजे रुग्णालयाचा प्रमुख किंवा त्याने नेमलेली समिती. खोटं नातं लावलं की तपासणी प्राधिकार समितीच्या टेबलावरून रुग्णालयाच्या प्रमुखाच्या टेबलावर येते. पुण्यात 2022 मध्ये उघड झालेल्या प्रकरणात कोल्हापूरकडच्या एका महिलेला 15 लाखांचं आमिष दाखवून रुग्णाची पत्नी म्हणून उभं केल्याचा आरोप होता. 2016 मध्ये पवईच्या प्रकरणातही बनावट पत्नीच होती, आणि तिथे रुग्णालयाच्या सीईओपर्यंत अटक झाली.

म्हणून ज्या मंजुरीवर रुग्णालयाच्या प्रमुखाची सही आहे, तिथे ‘आम्हाला कागद खोटे दिले’ हा बचाव तपासूनच घ्यायला हवा. गोव्यात तर जास्तच. इथे लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवावं लागतं, पहिली सही आणि मग दुसरी सही अशा दोन टप्प्यांत. त्या नोंदीची प्रमाणित प्रत तालुक्याच्या कार्यालयातून काढता येते. गोव्यात लग्न झालं म्हणणारं जोडपं नुसतं प्रतिज्ञापत्र किंवा देवळाचा दाखला घेऊन आलं आणि कोणी नोंद मागितलीच नाही, तर ती हयगय आहे. रुग्णालयाने लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, सगळ्या कुटुंबाचा फोटो मागायचाच असतो. रक्ताच्या नात्यात एचएलए (ऊती जुळतात का ते बघणारी चाचणी) आणि गरज पडल्यास डीएनए चाचणी होते. नवरा-बायकोत ती सोय नाही, त्यामुळे कागद हाच पुरावा.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. दाता किंवा रुग्ण परदेशी नागरिक असेल, तर सख्ख्या भावा-बहिणीच्या प्रकरणालाही प्राधिकार समितीची पूर्वमंजुरी लागते आणि नातं दूतावासाकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. ‘आम्ही म्हापशाचेच’ हे उत्तर इथे चालत नाही.

फाइलमध्ये खरा माग बहुतेक वेळा बिलात सापडतो. दात्याच्या एचएलए, सीटी अँजिओचे (रक्तवाहिन्यांच्या स्कॅनचे) पैसे कोणी भरले, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून? दात्याच्या नोंदणीवरचा मोबाईल नंबर आणखी कुठल्या दात्याच्या फाइलवर आहे का? तोच नोटरी, तेच लॉज परत परत दिसतं का? रुग्णाला बाहेर ठेवून, दात्याशी दात्याच्याच भाषेत कोणी बोललं का? बांधकामावरच्या कानडी किंवा ओडिया मजुराची मुलाखत कोऑर्डिनेटरच दुभाषा होऊन घेत असेल तर तिला अर्थ नाही. दात्याचा प्रवासखर्च किंवा बुडालेली मजुरी देणं गुन्हा नाही, पण त्याची पावती आणि हिशेब हवा.

कोर्टात प्रकरण पडतं ते मात्र वेगळ्याच कारणांनी. कलम 22 प्रमाणे या कायद्याखाली कोर्ट दखल घेतं ती समुचित प्राधिकरणाच्या (प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांची नोंदणी आणि तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) किंवा सरकारने वा त्या प्राधिकरणाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवर, नाहीतर प्राधिकरणाला किमान 60 दिवसांची नोटीस दिलेल्या माणसाच्या तक्रारीवर. नुसतं पोलिसांचं आरोपपत्र पुरत नाही. गुडगावच्या रॅकेटच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये हे स्पष्ट केलं. फसवणूक, बनावट कागद, मानवी तस्करी ही कलमं पोलिसांची, तो गुन्हा वेगळा चालतो. दुसरी चूक म्हणजे कंपनीला आरोपीच न करणं. चेक बाउन्सच्या कायद्यातलं कंपनीविषयीचं कलम याच धाटणीचं आहे, आणि कंपनीला आरोपी केल्याशिवाय संचालकावर खटला चालत नाही असा निकाल 2012 चा आहे. तिसरी चूक, ‘सर्व संचालक’ असं मोघम लिहिणं. कोणी काय केलं किंवा केलं नाही, हे तक्रारीत हवंच.

म्हणून 60 दिवसांच्या नोटिशीआधी कागद जमवा. त्या तारखेला संचालक कोण होते ते कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून मिळतं. खासगी रुग्णालयाला माहिती अधिकार थेट लागू नाही, पण समुचित प्राधिकरणाला आहे: 16 नंबरच्या नमुन्यातलं नोंदणी प्रमाणपत्र (मुदत 5 वर्षं), नूतनीकरणाचा अर्ज, तपासणीचे अहवाल तिथून मागा. रुग्ण किंवा दाता स्वतः असाल तर वैद्यकीय नोंदी लेखी मागा. डॉक्टरांच्या 2002 च्या नियमांप्रमाणे त्या 72 तासांत द्यायच्या असतात, आणि जपायच्या फक्त 3 वर्षं, तेव्हा उशीर नको. दात्याने मात्र आधी वकील गाठावा, कारण कलम 19 पैसे घेणाऱ्यालाही लागतं. नोटिशीत शस्त्रक्रियेची तारीख, मंजुरी देणाऱ्याचं पद, कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि ‘60 दिवसांनंतर तक्रार दाखल करणार’ हे वाक्य असू द्या, पोच घ्या. पुढे प्राधिकरणाने हातातली कागदपत्रं द्यायला टाळाटाळ केली, तर ती देण्याचा आदेश कलम 22 खालीच कोर्टाकडून मागता येतो.