आमची वाटचाल : ट्रान्सफॉर्मरचा हम आणि आमची वायरिंग

आमची फर्म छोटी, काम ॲम्प्लिफायर जोडून देण्याचं. सुरुवात ईआय कोअरच्या (E आणि I आकाराच्या पत्र्यांच्या गाभ्याच्या) ट्रान्सफॉर्मरवर झाली, पुढे टोरॉइड, म्हणजे कड्याच्या आकाराचे ट्रान्सफॉर्मर आले. त्याचा फायदा झालाच, पण हम, म्हणजे सेटमधून सतत येणारा घुमण्याचा आवाज, खऱ्या अर्थाने आटोक्यात आला तो ग्राउंडची (सेटमधल्या शून्य व्होल्टच्या समाईक तारांची) जोडणी बदलल्यावर. घरी सेट बांधणारे मात्र आधी ट्रान्सफॉर्मरच बदलायला निघतात.

हम नेमका कुठून येतो हे ठरवल्याशिवाय आम्ही काहीच बदलत नाही. इनपुटला शॉर्ट केलेला (दोन्ही टोकं आपसात जोडलेला) आरसीए प्लग, म्हणजे ऑडिओ केबलचा नेहमीचा प्लग लावायचा. हम गेला तर तो बाहेरच्या केबलमधून किंवा जोडलेल्या उपकरणातून येतोय. राहिला तर व्हॉल्यूम फिरवायचा : सोबत वाढला तर दोष व्हॉल्यूमच्या आधी, तसाच राहिला तर नंतर. ५० हर्ट्झचा घुमणारा आवाज बहुधा चुंबकीय क्षेत्राचा किंवा ग्राउंड लूपचा (ग्राउंड दोन वाटांनी जोडलं गेल्याने तयार झालेल्या वेढ्याचा). १०० हर्ट्झचा खरखरीत आवाज रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणाऱ्या भागाकडचा. स्पीकर काढूनही ऐकू येतो तो ट्रान्सफॉर्मरच्या कंपनाचा.

सगळ्यात जास्त सेट अडतात ते रेक्टिफायरनंतरचा डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरपाशी. कपॅसिटर सलग चार्ज होत नाहीत, थोड्या वेळात मोठा करंट ओढतात. दीड चौरस मिलीमीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे १२ मिलिओहम. म्हणजे १० सेंटिमीटरच्या तुकड्यातून १० ॲम्पिअरचा झटका गेला की १२ मिलिव्होल्ट पडले. इनपुटचं ग्राउंड त्या तुकड्यावर जोडलेलं असेल आणि गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) २५ असेल, तर स्पीकरवर ०.३ व्होल्ट! महागडी शील्डेड वायर इथे काही कामाची नाही.

म्हणून सेंटर टॅपची (ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी, म्हणजे आउटपुटच्या वेटोळ्याच्या मधल्या टोकाची) तार थेट दोन कपॅसिटरच्या मधल्या जोडावर येते. तिथून जाड, आखूड तार वेगळ्या स्टार पॉइंटकडे (सगळी ग्राउंड जिथे एकत्र येतात त्या एका जागेकडे), आणि स्पीकरचं रिटर्न, बोर्डाचं ग्राउंड, इनपुटचं ग्राउंड सगळं स्टारवरच. सेकंडरीच्या तारा एकमेकींना पिळून, इनपुटपासून लांब.

चॅसिसला (सेटच्या धातूच्या पेटीला) अर्थिंग हवंच. हम जातो म्हणून अर्थची पिन काढणं जिवाशी खेळ आहे. लूप तोडायचा तर स्टार आणि चॅसिसच्या मध्ये १० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, त्याला पॅरलल १०० नॅनोफॅरॅड आणि ३५ ॲम्पिअरचा ब्रिज (चार डायोडचा रेक्टिफायर). ब्रिजचे प्लस-मायनस एकत्र जोडायचे, एसीची दोन टोकं वापरायची. इनपुटचे सॉकेट मग चॅसिसपासून इन्सुलेटेड हवेत, नाहीतर सगळं व्यर्थ.

ट्रान्सफॉर्मरची जागा शेवटी ठरवतो. लांब तारांवर, आवरण न लावता, सेट चालू ठेवून हम ऐकत फिरवायचा. ईआयला तर पाव फेरीतही फरक पडतो. मेन्सच्या (घरातल्या विजेच्या) तारांना हात लागणार नाही अशी काळजी मात्र हवी. टोरॉइडच्या मधल्या बोल्टची दोन्ही टोकं चॅसिसला टेकू नयेत, तो शॉर्ट झालेला एक वेढाच होतो आणि ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

टोरॉइड अधूनमधूनच गुरगुरत असेल, तर मेन्समध्ये थोडा डीसी शिरलेला असतो; हेअर ड्रायरसारखं अर्ध्या वेव्हवर चालणारं उपकरण हे त्याचं नेहमीचं कारण. प्रायमरीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या वेटोळ्याच्या) सिरीजमध्ये १०,००० मायक्रोफॅरॅडचे दोन कपॅसिटर उलटसुलट जोडून आणि त्यांना पॅरलल तसाच ब्रिज देऊन तो अडवता येतो. ही जोडणी मेन्सवर असते, म्हणून ती झाकलेल्या, इन्सुलेटेड बोर्डावरच बसवतो.