झारसुगुडा ते आर्वी

आमच्या आर्वी तालुक्यात दत्तक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आधी सातबारा येतो. दिराचा धाकटा घ्यायचा, १९५६ च्या कायद्याखाली दत्तकपत्र नोंदवायचं, पेढे वाटायचे. वावर घरातल्या घरात राहतं. त्यामुळे आम्ही दोघं लेकरं आणायला थेट ओडिशात निघालो, तेव्हा सासूबाईंनी डब्यात दशम्या भरता भरता विचारलंच, "काहून वं, इकडची लेकरं सरली का?"

सरली नव्हती. पण दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या 'कारा' या संस्थेच्या पोर्टलवर नाव टाकताना आम्ही राज्याचा आग्रह धरला नव्हता. तान्ह्या बाळासाठी रांग काही वर्षांची असते. जरा मोठी लेकरं, त्यातून भावंडं असली की घेणारे एकदम कमी होतात. सामाजिक कार्यकर्ती घरी येऊन कापसाच्या हिशेबापासून आमच्या बीपीपर्यंत सगळं विचारून अहवाल लिहून गेली. पुढे बरेच दिवस काहीच नाही, आणि मग एका संध्याकाळी फोनवर दोन चेहरे आले. सहा वर्षांची बहीण, चार वर्षांचा भाऊ, सोबत वैद्यकीय अहवाल. होकार कळवायला ४८ तास. हे तेव्हा काट्यावर कापूस मोजून घेत होते. फोटो पाहिला, "कर," म्हणाले आणि पुढचं गाठोडं काट्याला लावलं.

वर्ध्याहून हावडा लाइनची गाडी धरली. गोंदियापर्यंत सगळं ओळखीचं. दरेकसाचं जंगल आणि बोगदा मागे पडला, डोंगरगडचा बमलेश्वरीचा डोंगर गेला, मग रात्रभर छत्तीसगड काही संपेना. झारसुगुड्याला उतरून पुढे बस. रस्त्याने कोळशाचे ट्रक, आणि सालाच्या झाडांच्या पानांवर त्यांची काळी धूळ.

संस्थेत आमच्या आधी एक स्पॅनिश जोडपं बसलेलं होतं. त्यांच्या मांडीवर ओठाचं ऑपरेशन झालेला एक मुलगा होता. परदेशात मूल न्यायचं तर १९९३ च्या हेग कराराप्रमाणे चालावं लागतं. भारताने त्याला २००३ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे त्यांना 'कारा'चं ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, मग दत्तक कराराप्रमाणे झाल्याचा कलम २३ खालचा दाखला, मुलाचा भारतीय पासपोर्ट आणि शेवटी व्हिसा, असं एकेक दार ओलांडायचं होतं. घरी पोहोचल्यावरही पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी अहवाल. त्या बाईंनी सगळे कागद रंगीत फायलींत लावले होते आणि त्या मुलाशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलत होत्या. आमचं ओडिया त्याहून वाईट होतं. आम्हाला व्हिसा लागणार नव्हता, एवढाच काय तो फरक.

आमचं प्रकरण सोपं. सप्टेंबर २०२२ पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारीच दत्तकाचा आदेश देतात, आणि आदेश येईपर्यंत लेकरं पालनपोषणासाठी म्हणून घरी नेता येतात. मात्र पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते. ती घेताना आम्ही समोर होतो. समुपदेशक बाईंनी ओडियातून सगळं सांगितलं. मुलीने नीट ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले: भाऊ त्याच घरात राहणार का, आणि तिथे भात असतो का. दोन्हींना हो मिळाल्यावर तिने मान हलवली. आमच्याकडे पाहिलंही नाही.

कागदावर आम्ही त्यांना घेत होतो. खरं तर त्या दोघांचं घर आधीच थाटलेलं होतं. ते चालवणारी सहा वर्षांची होती, आणि तिला मदतनीस हवेत असं काही दिसत नव्हतं. जेवताना आधी त्याचा घास, मग तिचा. त्याला मी पाणी दिलं की ग्लास ती हातात घेणार, स्वतः एक घोट पिऊन पाहणार, मग त्याला. तिथे लेकरं सांभाळणाऱ्या माउसींनी निघताना मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच अहवालात नव्हती. तो बहिणीच्या कानाची पाळी चोळल्याशिवाय झोपत नाही.

परतीच्या गाडीत खालच्या बर्थवर दोघं, समोर मी, वर हे. पोरगी पहाऱ्याला बसल्यासारखी ताठ. बिलासपूरच्या पुढे कधीतरी तिची मान कलली. तो उठला, रडला नाही, तिला हलवून पाहिलं आणि मग सरळ माझ्या बर्थवर चढला. अंधारात चेहरा चाचपत कान शोधला. माझ्या कानात घट्ट मळसूत्राच्या कुड्या. त्याच्या बोटांना टोचल्या तसा तो कुरकुरला. एका हाताने त्याला धरून दुसऱ्या हाताने ते मळसूत्र फिरवायचं म्हणजे काय कसरत असते, ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. एक फिरकी खाली पडून शेंगदाण्याच्या टरफलांत गेली, ती गेलीच.

सकाळी जाग आल्यावर पोरीने दोन्ही बर्थ पाहिले आणि माझ्यावर अशी नजर टाकली, जणू मी तिच्या घरात चोरी केली. गोंदियापर्यंत बोलली नाही. धानाची कापणी चालू होती, वैनगंगेचा पूल आला, तेव्हा कुठे खिडकीशी सरकली. नागपूरला यांनी संत्री घेतली (घरी आंबिया बहार झाडावर लटकलेला असताना फलाटावर विकत घेणारा शेतकरी मी पहिल्यांदाच पाहिला). वर्ध्याकडे काळी जमीन आणि फुटलेला कापूस सुरू झाल्यावर तिने बोट दाखवून पहिल्यांदा मला काहीतरी विचारलं. मी पिशवीतली वात काढून दाखवली. तिला पटलं नाही.

वर्ध्याहून आर्वीची एसटी. खरांगण्याच्या अलीकडे कंडक्टर आला. "लेकरं किती?" रोज हजार माणसांना विचारायचा प्रश्न. हे क्षणभर गप्पच. मग म्हणाले, "दोन. पोरगी सहाची, पोरगं चारचं." पोराला तिकीट नाही, बाकी आम्हा दोघींना हाफ. ते कागदाचे चिटोरे यांनी फाइलमध्ये, वैद्यकीय अहवालाच्या मागे ठेवलेत. सरकारला त्याचा काही उपयोग नाही.

गल्लीत बायांनी लिंबू-भाकर ओवाळून टाकली, कोणी रंगावरून कुजबुजलं, जाऊबाईंनी जात विचारली. त्यावर जास्त लिहीत नाही. सासूबाईंनी हौसेने ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी केली होती. पोरीने भाकर उलटीपालटी करून पाहिली आणि संमतीच्या वेळी ठरलेल्या अटीची आठवण करून दिली: "भात?" सासूबाई काही न बोलता उठल्या, तांदूळ धुवायला घेतले.

आता आदेश आलाय, जन्मदाखल्यावर आमची नावं लागलीत, दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणी होईल. पोरगी शाळेत जाते, मराठीत भांडते. पण पोराच्या ताटात कोणी वाढायचं, यावरून रोज संध्याकाळी आजी-नातीत जुंपते. परवा सासूबाई पदर खोचून माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या: "तुही पोट्टी मले त्याच्या ताटाले हातच लावू देत नाही वं. तिले सांग, मी त्याची आजी आहो म्हणून." मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि भाताचं भांडं स्वतःकडे ओढलं.