रंकाळ्यातलं शेवाळ आणि आम्ही

"शेवाळ वाळवून इकायलाईस व्हय रं?" पहिलं पाकीट हातात घेऊन फौंड्रीतल्या जुन्या मित्राने विचारलं. वर, "रंकाळ्यातलं का पंचगंगंतलं?"

2016 पर्यंत मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डिंगवर सुपरवायझर होतो. शेवाळाशी संबंध घाटाच्या पायऱ्यांवर पाय घसरण्यापुरताच. आईची शुगर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेलं होतं, म्हणून भाच्याने चेन्नईहून स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्या आणल्या. त्यांची किंमत बघून मी म्हटलं, हे पिकवतात तरी कसं? त्या एका प्रश्नापायी नोकरी गेली म्हणा ना.

पन्हाळा रस्त्याला आमचं चौदा गुंठे रान आहे. तिथे वीस बाय दहा फुटांच्या दोन टाक्या बांधल्या, वर पॉलिथिनचं छप्पर घातलं. स्पिरुलिना खाऱ्या, सोडामिश्रित पाण्यात वाढते. आफ्रिकेत चाड सरोवराकाठचे लोक पूर्वापार ती गोळा करून वड्या वाळवतात. शास्त्रज्ञ तिला जिवाणूंत धरतात, पण बोलताना सगळे शेवाळच म्हणतात. पाण्याचा पीएच, म्हणजे आंबट-खारटपणाचं माप, नऊ ते साडेदहाच्या दरम्यान राखला की बाकीच्या घाणेरड्या जीवांना तिथे तग धरणं अवघड जातं. ऊन मात्र भरपूर लागतं आणि पाणी दिवसातून चार-पाच वेळा ढवळावं लागतं. आम्ही सुरुवातीला खराट्याने ढवळायचो. पहाटे कापडातून गाळायचं, दाबून पाणी काढायचं आणि तो हिरवा गोळा चकलीच्या सोऱ्यातून शेवेसारखा जाळीवर पाडून वाळवायचा. बायकोचा दिवाळीचा सोऱ्या त्यातच गेला. तिने नवा घेतला, पण जुन्याचं नाव अजून काढते. एवढं करून एका टाकीतून चांगल्या उन्हाच्या दिवशी सुकी पावडर निघते शंभर-दीडशे ग्रॅम.

कोल्हापूरचा पावसाळा हा या धंद्याचा खरा शत्रू. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता. आमचं रान उंचावर, त्यामुळे टाक्यांत पूर शिरला नाही. पण लाइट नाही, ऊन नाही आणि छपराच्या फटीतून पाऊस आत. एका सकाळी टाकीशी गेलो तर पाणी हिरव्याचं निळं झालेलं, वर फेस आणि नाकाला झोंबणारा कुजका वास. पेशी फुटल्या की आतला निळा रंग, फायकोसायनिन, पाण्यात उतरतो. म्हणजे पीक मेलं. दोन्ही टाक्या उपसून रिकाम्या केल्या. वाचलं फक्त घरच्या खिडकीत ठेवलेलं वीस लिटरच्या जारमधलं कल्चर. विरजण म्हणतो आम्ही त्याला. त्यावरूनच दिवाळीपर्यंत टाक्या पुन्हा हिरव्या केल्या. तेव्हापासून विरजण तीन घरांत ठेवतो.

पण पुरापेक्षा मोठा दणका माणसांनी दिला. पुढच्या वर्षी एका वितरकाने आमच्या पाकिटांवर परस्पर स्टिकर चिकटवले, "मधुमेह मुळापासून बरा". माल झपाट्याने खपू लागला, आणि खरं सांगतो, पहिले पंधरा दिवस मीही खूश होतो. मग एका गिऱ्हाइकाच्या मुलीचा फोन आला. वडिलांनी डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि शुगर साडेतीनशेच्या वर गेली होती. मी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "तुमच्याच पाकिटावर लिहिलंय की." मला उत्तर देता आलं नाही. शिल्लक माल परत आणला, वितरक सोडला. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला तोवर माहीतसुद्धा नव्हतं.

मग काय खरं, ते वाचून काढलं. 2001 साली बडोद्याच्या संशोधकांनी टाइप टू मधुमेहाच्या 25 जणांवरची चाचणी प्रसिद्ध केली. त्यातल्या एका गटाला दोन महिने रोज 2 ग्रॅम स्पिरुलिना दिली. त्यांची साखर आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, कमी झाले. नंतरच्या चाचण्यांतही कोलेस्टेरॉल थोडं उतरल्याचं दिसतं. पण बहुतेक चाचण्या छोट्या, माणसं मोजकी. पूरक म्हणून ठीक, गोळीऐवजी नाही. व्हिटॅमिन बी 12 चा गाजावाजाही आम्ही थांबवला, कारण यातलं बरंचसं बी 12 शरीराला वापरता येत नाही. आता पाकिटावर ठळक लिहितो, औषध नव्हे. फेनिलकेटोन्यूरिया हा जन्मजात आजार असेल तर घेऊ नका, तुमची प्रतिकारशक्तीच तुमच्यावर उलटण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, हेही लिहितो. मेहुण्याने सुनावलं, "एवढं लिहिलं तर घेणार कोण?" खप खरंच कमी झाला.

आणखी एक. तळ्यातलं शेवाळ काढून विकणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. उघड्या पाण्यातल्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात. आमची प्रत्येक बॅच लॅबला जाते, जड धातू आणि जिवाणू तपासायला. त्याचा खर्च पावडरीच्या भावात दिसतो, इलाज नाही.

आई अजून पाव चमचा ताकात जिरेपूड घालून घेते. तिचं कोलेस्टेरॉल उतरलंय. पण ती डॉक्टरांच्या गोळ्याही घेते, रोज रंकाळ्याला फेरीही मारते आणि चहातली साखर बंद केलीय. फरक कशाचा, मी ठरवत नाही.

फौंड्रीतला मित्र आता दर महिन्याला येतो. "भावा, रंकाळ्यातलं दे शंभर ग्रॅम," म्हणतो. मी पाकीट काढतो आणि आधी विचारतो, सकाळची गोळी घेतलीस का?