ओव्यांची वही: चामडी बांधणी हाताने करताना

माझ्या आत्याने मुळशीच्या बाजूच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या उतरवून आणल्या होत्या. शाळेच्या वह्या, डायऱ्यांची उरलेली पानं, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी, जे हाती येईल त्यावर लिहिलेल्या. ते सगळं एका वहीत नीट लिहून काढायचं, आणि ती वही नातवंडांच्या नातवंडांनाही उघडता येईल अशी बांधायची, असं मी ठरवलं.

"चामडं कशाला गं? छानसं खणाचं कव्हर घाल की," आत्या म्हणाली. तिचं म्हणणं आपल्या रीतीला धरूनच होतं. आपली पोथी म्हणजे सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. पेशवे दफ्तरातले मोडी कागदही रुमालांतच बांधलेले. पण माझी वही रोज हाताळली जाणार होती, म्हणून मला युरोपात मध्ययुगापासून चालत आलेली दोरीवरची शिलाई हवी होती. जुन्या चामडी ग्रंथांच्या पाठीवर आडवे उंचवटे दिसतात, त्यांच्या आत खरोखरीच्या दोऱ्या असतात. पानांची प्रत्येक जुडी त्या दोऱ्यांना शिवलेली असते, आणि दोऱ्यांची टोकं पुठ्ठ्यांतून ओवून घेतलेली असतात. आजचं जाड कव्हर वेगळं तयार होतं आणि शेवटी पुस्तकाला चिकटवलं जातं. ही सोय इंग्लंडात 1820 च्या दशकापासून रूढ झाली. तिच्यामुळे पुस्तकं स्वस्त झाली हे चांगलंच, पण गोंद सुटला की कव्हर हातात येतं.

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात एक वयस्कर बाइंडरकाका आहेत. सगळं आयुष्य जुजबंदीत, म्हणजे जुड्या शिवून पुस्तकं बांधण्यात गेलेलं. त्यांनी पहिल्यांदा मला कागदावरच अडवलं. "आधी कागद कुठल्या बाजूने वळतो ते बघा, मग बाकीचं." गिरणीच्या कागदातले तंतू एका दिशेला पडलेले असतात. घडी त्या दिशेलाच आली पाहिजे, नाहीतर पानं ताठ उभी राहतात आणि दमट हवेत पाठीशी लाटा येतात. मी शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला सुती चिंध्यांचा कागद घेतला. ही संस्था 1940 पासूनची. साच्यावर हाताने उचललेल्या कागदात तंतू चहूबाजूंनी गुंतलेले असतात, त्यामुळे ही अडचण जवळपास राहत नाही. चार-चार ताव एकात एक घालून 16 पानांची एक जुडी, अशा जुड्या करून शिकंज्यात, म्हणजे बाइंडरच्या दाबयंत्रात, दाबून ठेवल्या.

शिलाईची चौकट सुताराकडून करून घेतली: खाली फळी, दोन खांब, वर आडवा दांडा, आणि मध्ये ताणून बांधलेल्या पाच दोऱ्या. तागाची सुतळी बोहरी आळीत हवी तेवढी मिळते, पण ताग काही वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून दोऱ्याही लिननच्या आणि शिवायचा धागाही लिननचा. धागा मधमाशीच्या मेणावरून ओढून घ्यायचा. सुई जुडीच्या घडीतून बाहेर येते, दोरीला वेढा घालते आणि पुन्हा आत जाते. दोन्ही टोकांना खालच्या जुडीशी गाठ. हे मी काकांच्या शेजारी बसून शिकले. ते धाग्याची जाडी दोन बोटांत धरूनच सांगत, कारण सगळी मेख तिथे आहे. प्रत्येक जुडीच्या घडीत धागा राहतो आणि त्याने पाठ समोरच्या बाजूपेक्षा थोडी फुगते. हा फुगवटा हवाच असतो. पाठ हातोडीने गोल करताना कडेच्या जुड्या बाहेर वळतात आणि पुठ्ठा बसायला खांदा तयार होतो. धागा फार बारीक असेल तर खांदा येत नाही, फार जाड असेल तर पुस्तक पाचरीसारखं होतं. बाहेरून कोणालाच न दिसणारा हा हिशेब पुस्तकाचं आयुष्य ठरवतो.

चामड्याचा शोध मात्र लांबला. बाजारात बहुतेक माल क्रोमने कमावलेला. पिशव्यांना तो उत्तम, पण ओला करून दिलेला आकार तो धरत नाही आणि ठसाही नीट घेत नाही. बांधणीला झाडांच्या सालीत किंवा फळांत कमावलेलं कातडं लागतं, शक्यतो शेळीचं. त्यातही कोणतं झाड, हा प्रश्न उरतोच. ग्रंथालयांतल्या चामडी पाठी तांबूस भुकटी होऊन का झडतात, हे तपासायला लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने 1900 मध्ये समिती नेमली होती. हिंदुस्थानातून जाणारं, तरवडाच्या सालीत कमावलेलं कातडं तिने बांधणीसाठी अतिशय वाईट ठरवलं. हे वाचून मला वाईट वाटलं, कारण तरवड आपल्या माळांवरचाच. पण हिरडाही आपलाच, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात लोक तो गोळा करतात. त्यातलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, वेगळ्या जातीचं असतं आणि हवेतल्या आम्लाला ते जास्त दाद देत नाही. त्यामुळे प्रत्येक दुकानात माझा एकच प्रश्न असे, "कशात कमावलंय?" शेवटी हिरड्यात कमावलेलं, न रंगवलेलं कातडं मिळालं.

ते कडेला तासणं ही वेगळीच विद्या. ती मला कोल्हापुरी चपला करणाऱ्या एका दादांनी दिली. कडप्प्याची गुळगुळीत फरशी, तिच्यावर कातडं पालथं, आणि रापी, म्हणजे चामडं तासायची सुरी, जवळजवळ आडवी धरून पुढे ढकलायची. "जोर हाताचा नको, धारेचा पाहिजे, ताई," ते सांगत. कडा कागदाइतक्या पातळ झाल्या पाहिजेत, पण पाठीवर आणि पुठ्ठा जिथे वळतो तिथे चामड्यात जीव उरला पाहिजे. बाजारात 'जुन्या धाटणीच्या' म्हणून मिळणाऱ्या चामडी वह्यांची हीच जागा मी आता आधी बघते. बहुतेकींचं चामडं तिथे नको इतकं तासलेलं किंवा अजिबातच न तासलेलं असतं.

चिकटवायला मैद्याची खळ. इथे काकांचं आणि माझं पटलं नाही. त्यांच्या खळीत कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, असतो, आणि त्यांच्या अनुभवाला मी मानतेच. पण तांब्याचे क्षार कागदाचा ऱ्हास वाढवतात, म्हणून मी मोरचूद न घालता रोज ताजी खळ शिजवली. खळीचा मोठा गुण असा की ती पाण्याने पुन्हा सुटते. पुढे कोणाला ही वही दुरुस्त करायची झाली तर पानं न फाडता पाठ उघडता येईल. फेव्हिकॉलने ती सोय जाते.

चामडं चढवण्याचं काम हिवाळ्यात ठेवलं, पुण्याच्या पावसाळ्यात ओल्या खळीला बुरशी धरते. आधी दोऱ्यांची टोकं उसवून पुठ्ठ्यांत ओवून चपटी केली, वरच्या-खालच्या टोकांना रेशमाने गुंफलेली पट्टी घातली. मग कातड्याच्या आतल्या बाजूला दोन-तीनदा खळ पाजली. ते मऊ झालं की पाठीवर बसवून हाडाच्या पट्टीने दोरीच्या दोन्ही अंगांना दाबत जायचं. ओलं कातडं हाताखाली ताणलं जातं, उंचवटे एकेक करून वर येतात, आणि मला या सबंध कामातली ही घटका सर्वांत प्रिय आहे. घाई करता येत नाही आणि थांबताही येत नाही.

या वेळी लोखंड जवळ येऊ द्यायचं नाही. हिरडा आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो, तो निघत नाही. हिरड्याच्या पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून शाई करत ती याच गुणावर. काकांचा शिकंजा लोखंडी, म्हणून मध्ये लाकडी फळ्या घातल्या. पाठीवर उंचवट्यांच्या दोन्ही बाजूंनी सुती दोर आवळून वही वाळू दिली.

सोनेरी वर्ख लावला नाही. आत्याला तो ओव्यांना साजेसा वाटला नाही, आणि मलाही पटलं. पितळी पट्टी गरम करून किंचित ओलसर चामड्यावर फक्त रेघा ओढल्या. उष्णतेने त्या गडद तपकिरी होतात. वही पहिल्यांदा उघडताना मधोमध फाकवली नाही. पाठ टेबलावर टेकवून पुढची थोडी पानं, मग मागची थोडी, असं दोन्हीकडून आत येत येत उघडली. लिहायला आता सुरुवात केली आहे, मावळातल्या ओव्या आधी घेतल्या आहेत.