तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: हो, सही माझीच

लग्नात भेटा, बसस्टँडवर भेटा, माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न ठरलेला. "मॅडम, तुम्ही स्वतः एचओडी होतात. बायोमेडिकल बंद करायच्या कागदावर सही कशी केलीत?" सूर असा, जणू मी वडिलोपार्जित वावर विकलं. एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या लग्नात निवांत जेवता येईल.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली बायोमेडिकल म्हणजे दवाखान्यातली यंत्रं सांभाळायला शिकवणारी ब्रँच. तिच्या 60 जागांपैकी शेवटी किती थोड्या भरत होत्या, हे तुम्हाला माहीत आहे. ब्रँच बंद करायचा अर्ज एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे, जायचा होता आणि कॉलेजला त्याआधी विभागप्रमुखाचा, म्हणजे माझा, अभिप्राय हवा होता. "मॅनेजमेंटनं आधीच ठरवलं होतं," असं मी बरीच वर्षं सांगत आले. ते खरंच आहे. पण माझा हात हलला तो बैठकीत नाही, प्रवेशाच्या टेबलावर.

राळेगावकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात शिपाई. मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. हृदयाचा सिग्नल छातीवर जेमतेम 1 मिलिव्होल्टचा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि ईसीजीच्या कागदावर 50 हर्ट्झची दातेरी रेघ उमटते. डॉक्टर म्हणतात मशीन खराब, आणि आमची मुलं खड्ड्यात बादलीभर पाणी ओततात की रेघ साफ! या किश्श्यावर पालक हमखास हसायचे.

हे हसले नाहीत. म्हणाले, "ते पानी मीच टाकतो ना जी. सिस्टर सांगते. पन मशीन बिघडली का नंबरवर फोन लावा लागते. नागपूरहून कंपनीचा पोरगा येते, स्टिकर लावते, जाते. तुमच्या पोरायले कोन बोलावते?"

मुलगी टेबलावरचा ईसीजीचा क्लिप उघडझाप करून बघत होती.

उत्तर माझ्याकडे होतं. सरकारी दवाखान्यांतली उपकरणं बंद पडून राहतात, राज्यागणिक 13 ते 34 टक्के, असं पाहणीत निघालं, म्हणून 2015 साली केंद्रानं देखभालीचा कार्यक्रम आणला आणि राज्यांनी कामं एजन्स्यांना दिली. प्राथमिक केंद्रातली यंत्रं 80 टक्के वेळ चालू हवीत, जिल्हा रुग्णालयातली 95 टक्के, असे निकष. वाईट काहीच नाही त्यात. मीही तेव्हा वर्गात कौतुकानं शिकवलं होतं. मी म्हटलं, त्या कंपन्यांतच आपली मुलं लागतात.

"पगार किती भेटते?"

मी आकडा सांगितला. खरा सांगितला. थोडा फुगवता आला असता, शेजारच्या टेबलावर तेच चाललं होतं.

"त्याच्याहून जास्त तं मलेच भेटते, म्याडम." टोमणा नव्हता तो. उलट अवघडल्यासारखे झाले बिचारे. मुलीनं क्लिप जागेवर ठेवला. तिनं कॉम्प्युटर घेतलं. त्याच आठवड्यात मी सही केली.

आता तुम्ही म्हणाल, पगार काय सगळ्याच ब्रँचना सुरुवातीला कमी असतो. मान्य. 30 जागा ठेवून बघायचं होतं. सुचवलं होतं, तेवढ्यात प्राध्यापकांचे पगार निघत नाहीत असं उत्तर आलं. मुंबईहून एमटेक करून परत आलेली ती तरुण मी तर अजून मनातल्या मनात भांडते माझ्याशी. तिचं म्हणणं, यंत्र जिथं बंद पडतं तिथंच ते दुरुस्त करणारा घडला पाहिजे. मी तिला विचारते, बाई, पाना हातात घ्यायची परवानगी कोण देणार होतं? वॉरंटी आहे, करार आहे, सील आहे.

मग ती भंडारा जिल्ह्यातल्या आगीचं काढते. 9 जानेवारी 2021. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि 10 बाळं गेली. त्यानंतर जिकडेतिकडे ऑडिटची धावपळ, आणि आम्हालाही फोन, "तुमच्याकडे ती दवाखान्याच्या मशीनवाली मुलं आहेत ना? पाठवता का?" विभागात शेवटची बॅच उरली होती, आणि तीही कोविडमुळे आपापल्या घरी मोबाइलवर लेक्चर ऐकत होती. पाठवू कुणाला? तेव्हापासून तिचा आवाज चढलाय. तिच्यापुढे मी गप्प बसते. पण पगाराचं ती कधी काढत नाही, हेही लक्षात घ्या.

आता मी इलेक्ट्रॉनिक्सला शिकवते. चालू उपकरणं त्याच विभागाच्या कपाटात आहेत, बाकीची भंगारात निघाली. तुमच्यापैकी काही जण 'पुन्हा सुरू करा' म्हणता. करा की, मी शिकवायला येईन, पण मुलं तुम्ही आणा, आणि त्यांच्या बापांशीही तुम्हीच बोला.

एक सांगायचं राहिलं. त्या बैठकीत मी म्हटलं होतं, देखभालीच्या ठेक्यात प्रत्येक तालुक्यात एक स्थानिक पदवीधर ठेवायची अट घाला अशी मागणी कॉलेजनं सरकारकडे करावी, मग ब्रँच आपोआप भरेल. इतिवृत्तात ते आलं नाही. का नाही आलं, हे मला नका विचारू. इतिवृत्त मी लिहीत नव्हते.